अर्जावरचा शिक्का

३ जुलै १९५८, गुरुवार
सातवीला अर्जलेखन सुरू केले. मायना, विषय, मजकूर, शेवट. सातवीच्या फायनल परीक्षेला हमखास येते. मुले बोलतात तशीच लिहितात. 'आमास्नी', 'हाय', 'लई'. तांबडी शाई पुरत नाही.
शांताराम उभा राहून म्हणाला, "गुरुजी, येवढं लांबण कशाला लावायचं? पाणी न्हाई, पाणी द्या. झालं की." त्याचे खरे आहे, पण तसे सांगता येत नाही. म्हटले, सरकारशी सरकारच्या भाषेत बोलावे लागते. स्वतःचेच वाक्य फुकाचे वाटले.
विषय दिला: शाळेतील अडचण. स्कूल बोर्डाच्या अधिकारीसाहेबांस अर्ज. बजावले, खरी अडचण लिहा, पुस्तकातली नको.
घसा बसला. खालचे वर्ग शाळेच्या दोन खोल्यांत, आमचे वरचे तीन भैरोबाच्या सभामंडपात. महारवाड्यातली सहा मुले बाहेर ओट्यावर. दोन्हीकडे ऐकू जावे म्हणून मी दिवसभर उंबऱ्यात उभा.

५ जुलै, शनि.
वह्यांतले कागद गोळा केले. एकाने लिहिले, 'आमच्या शाळेत उंदीर फार, तरी मांजर मंजूर व्हावे.' भाषा चोख. सौ.ला वाचून दाखवले, हसून तिच्या पोटात कळ आली. सातवा महिना. आता हसवायचे नाही.
चांगल्या पाच अर्जांवर पोस्टाचा तारखेचा शिक्का मारून दिला. शाळा आणि पोस्ट एकाच माणसाच्या गळ्यात असल्याचा एवढाच फायदा. नियमात बसत नाही. पण शिक्क्यासाठी पोरे जीव टाकून लिहितात, तीन वर्षांचा अनुभव आहे.
ओट्यावरच्या हिराला दहापैकी नऊ. सातवीतली ओट्यावरची ती एकटीच, बाकी पाच पाचवी-सहावीची.

६ जुलै, रवि.
सकाळपासून चैन नाही. हिराचा अर्ज डोक्यातून जात नाही. पाठ झाला आहे, इथे उतरवतो.
'आम्ही सहा मुले शाळेच्या बाहेर ओट्यावर बसतो. ओट्यावर पत्रा नाही. पावसात पाटी पुसली जाते म्हणून आम्हास घरी पाठवतात. मागील वर्षी आमची एकूण चाळीस दिवस शाळा बुडाली. तरी आम्हास आत बसण्यास जागा मिळावी, ही नम्र विनंती.'
मी काय केले? 'आमास' चे 'आम्हास' केले. एक स्वल्पविराम घातला. नऊ गुण दिले, शिक्का मारला आणि उंदराच्या अर्जाकडे वळलो. मला वाचताना काहीच झाले नाही, याचे आता काहीतरी होते आहे.

९ जुलै, बुध.
सुटीत हिरा पोस्टाच्या खिडकीशी. "गुरुजी, जाब कदी यील?"
कसले उत्तर, म्हणून विचारणार होतो, तेवढ्यात कळले. गावात शिक्का पडला म्हणजे कागद रवाना झाला. मनिऑर्डरीपासून सगळ्यांनी हेच पाहिलेले. बाकीच्या चौघांना सराव कळतो. ती मात्र तो कागद परत खिडकीत ठेवून गेली होती. मी तो कपाटात टाकला होता.
"वेळ लागतो," म्हणालो. खोटे नाही. खरेही नाही.

१२ जुलै, शनि.
हिराची आई सगुणा कार्ड घ्यायला आली. नवरा मुंबईला गोदीत. पैसे उंबऱ्यावर ठेवायची तिची सवय, मी हातात घेतो, एवढीच माझी सुधारणा. म्हणाली, "पोरीचा अर्ज गेला म्हनं साहेबाकडं. वाडीत समद्यांना सांगितलंय मी. तिच्या बापालाबी त्येच कळवायचं हाय, तुमीच लिवा."
लिहिले. माझ्याच हाताने. 'चि. हिराने अर्ज केला आहे, उत्तराची वाट पाहत आहोत.'
कार्ड मात्र खरोखर टपालाच्या थैलीत गेले.

१५ जुलै, मंगळ.
अण्णा पाटील घरी. राहतो ती खोली त्यांची. भाडे घेत नाहीत, वर तांदूळ पाठवतात. माणूस वाईट नाही, हीच पंचाईत. चहा बशीत ओतता ओतता म्हणाले, "गुरुजी, देवळाबद्दल काय अर्ज गेलाय म्हनं?"
"सरावाचा होता. इथेच आहे."
"आसं व्हय." खुशीत हसले. "मला वाटलं खरंच धाडला. पोरं शिकू देत की, आमी कुटं न्हाई म्हनतोय?"
ते गेल्यावर मला हायसे वाटले. कागदावर लिहून ठेवतो, कारण उद्या मी हे नाकारीन. हायसे वाटले.
कायद्याने देऊळ सगळ्यांना उघडे आहे. मला ठाऊक, पाटलांना ठाऊक. इ. ७ वीच्या नागरिकशास्त्रात धडा आहे. तो मी उंबऱ्यात उभा राहून शिकवतो.

१८ जुलै, शुक्र.
चार दिवस पावसाची झोड. नेहमीप्रमाणे ओट्यावरच्यांना म्हटले, घरी जा. कोणी उठेना. सहाही जण पोत्याच्या खोळी घेऊन आले होते.
हिरा म्हणाली, "आय म्हनली घरी यायचं न्हाई. जाब येईस्तवर हितंच बसायचं. साहेब बघाया आला आन् आमी नसलो तर काय म्हनंल?"
शुद्धलेखन घातले. आतली मुले लिहीत होती. बाहेरची पाटी पोटाशी धरून तोंडाने म्हणत होती. मी एकेक शब्द दोनदा उच्चारला. कुणासाठी, कोण जाणे.

२१ जुलै, सोम.
पाचवीतला बारका किसन आला नाही. ताप. बाकी पाच ओट्यावर. पाऊस आहेच.
खरे सांगून टाकले की ती उठून घरी जातील, कोरडी राहतील. म्हणजे सांगणे भल्याचेच. असा विचार करत तीन तास काढले. मग लक्षात आले, की माझे भल्याचे विचार दरवेळी त्यांना घरी पाठवूनच संपतात.
सौ. विचारते, जेवत का नाही. चिडलो तिच्यावर. कारण नव्हते.

२२ जुलै, मंगळ.
सांगितले. मधल्या सुटीत, पोस्टाच्या खिडकीशी, हिराला एकटीला. अर्ज गेला नाही, सरावाचा होता, कपाटात आहे.
ती रडेल असे वाटले होते. नाही रडली. "मग शिक्का कशापायी मारला?"
"चांगला लिहिला होतास म्हणून."
तिने खिडकीतून कपाटाकडे पाहिले. मग म्हणाली, "किसन लई तापलाय, गुरुजी."
याहून जास्त कोणी मला आजवर बोललेले नाही. बापानेही नाही.

२३ जुलै, बुध.
शाळा भरायच्या आत हिरा आणि सगुणा खिडकीशी हजर. अर्ज नवा लिहून आणला होता. खाली सहा सह्या, किसनची थोडी वाकडी. त्याने पडल्या पडल्या केली असेल. सगुणा म्हणाली, "आता खरा धाडा. तिकिटाचं पैसं हे घ्या."
मी शिकवलेले ती विसरली नव्हती. वर डावीकडे 'मा. मुख्याध्यापक यांचेमार्फत', आणि माझ्या सहीला जागा कोरी ठेवलेली.
सही केली. हात स्थिर होता, याचे नवल वाटले. शिक्का मारला. दोघींच्या देखत थैलीत टाकला आणि थैलीचे तोंड बांधले. टपालवाला पौडच्या वाटेला लागेपर्यंत त्या पिंपळाखाली उभ्या होत्या.

२५ जुलै, शुक्र.
सौ.ला सांगितले. ती म्हणाली, "बदली झाली तर या पावसात, या अवस्थेत मला बैलगाडीतून नेणार का?" थोड्या वेळाने म्हणाली, "किसनला काढा दिलाय मी. सगुणाकडे पाठवला परवा." मला माहीत नव्हते. पाटलांच्या खोलीत राहून दोघेही चोरून वागतो आहोत, वेगवेगळे.

१ ऑगस्ट, शुक्र.
तांदूळ आला नाही. पाटील रस्त्यात भेटले, रामराम घातला, थांबले नाहीत. गावाला कळले. किसन बरा, ओट्यावर परत. त्याला बघून बरे वाटले आणि लगेच लाजही वाटली. बरा होऊन तो परत तिथेच भिजायला आला आहे.
वर्गात 'प्रयोग बदला' शिकवत होतो. मध्येच थांबलो, पुढचे आठवेना. मुले हसली.

८ ऑगस्ट, शुक्र.
उत्तर आले. अर्ज जसाच्या तसा परत. मागे साहेबांचा शेरा, तीन ओळी:
'मुले बाहेर बसतात हे खरे आहे काय? असल्यास कोणाच्या हुकमाने? मुख्याध्यापकांनी अभिप्रायासह परत पाठवावे.'
बाकी काही नाही. रागही नाही, आश्वासनही नाही.
शाळा सुटल्यावर पाटलांकडे गेलो, कागद दाखवला. त्यांनी दोनदा वाचून घेतला. म्हणाले, "हुकूम? गुरुजी, तीन वर्सांत मी कदी तुमाला म्हनलोय, की ह्यास्नी भाईर बसवा म्हनून? आठवून सांगा."
आठवले. कधीच नाही. ते नाहीत, पुजारी नाही, गावातला कोणी नाही. मी रुजू झालो त्या दिवशी आधीच्या गुरुजींच्या हजेरीपटात महारवाड्यातली नावे वेगळ्या पानावर होती. मी ती तशीच वाचली, तशीच बाहेर बसवली. कुणाला सांगावे लागलेच नाही.
पाटील म्हणाले, "तुमी आत बसवली आसती, तर बोललो आसतो मी. भांडलोबी आसतो. पर तुमी बसवलीच न्हाईत." त्यांचा स्वर नेहमीचाच होता. घरी येताना दोनदा चिखलात घसरलो.

९ ऑगस्ट, शनि.
सकाळची शाळा. शाळेआधी अभिप्राय लिहायला बसलो. पहिला मसुदा: 'स्थानिक परिस्थिती पाहता पूर्वापार प्रथेनुसार...' अर्जलेखनात मी स्वतः नऊ गुण दिले असते. फाडला.
दुसऱ्यात गावाचे नाव घातले. तोही फाडला.
शेवटी हे गेले: 'मुले बाहेर बसतात हे खरे आहे. कोणाचाही हुकूम नाही. मी बसवतो.' खाली सही, हुद्दा, तारीख. थैली पौडला गेली.
हिराने विचारले, जाब आला का. मी म्हणालो, साहेबांनी मला प्रश्न विचारलाय, त्याचे उत्तर आज पाठवले. "मग आता आमी काय करायचं?" सोमवारी सांगतो, म्हणालो. ती जाऊन ओट्यावर बसली. पाऊस नव्हता.

१० ऑगस्ट, रवि.
दिवसभर घरातल्या घरात फेऱ्या. दोनदा देवळापर्यंत जाऊन आलो. सभामंडपात सहा मुलांना बसायला जागा आहे का, ते पाहिले. भरपूर आहे. पूर्वीही होती.
सौ. सूप बाजूला ठेवून म्हणाली, "तुम्हीच बसवता असं लिहून दिलंत ना? मग उद्या कुठे बसवणार आहात?"
मी कंदिलाची काच पुसत राहिलो. ती अजून उत्तराची वाट बघते आहे.