पप्पूराणीची पन्नासावी लेव्हल

तीर्थपुरी, ता. घनसावंगी
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

प्रिय पप्पूभैया,

नमस्कार. इकडं सगळे बरे आहेत. आईचा खोकला थांबला. कापसाची दुसरी वेचणी चालू आहे, बाया मिळंनात म्हणून मी पण कॉलेज बुडवून दोन दिवस वेचायला गेले, बोटं फाटली. अण्णा ठीक. तुझी तब्येत कशी आहे? पहाटे किती वाजता उठवतात? जेवण बराबर मिळतं का? असं विचारायचं असतं म्हणून विचारलं.

मघापासून तीनदा उठले. पाणी प्याले, शेळीला पाला टाकला, दाराची कडी उगाच लावली अन् काढली. एका जागी बसवतच न्हाई. म्हणून आधी गेमचं सांगते, ते तरी मला सरळ सांगता येईल.

आपला पप्पूराणी पन्नासाव्या लेव्हलला पोचला. इथं गेम विचारतो, एकच विद्या धरायची, नुसती तलवार न्हाईतर नुसतं औषध, का दोन्ही? एक धरली तर तिची सगळ्यात मोठी ताकद मिळते, पण बाकीच्या विद्येचे पॉइंट कायमचे पुसले जातात. दोन धरल्या तर दोन्ही राहतात, पण मोठी ताकद एकीचीही मिळत न्हाई. रविवारपर्यंत मुदत आहे. आपल्या टीमचा तो नांदेडचा देवानंद रोज मेसेज टाकून राह्यला, "तलवार धरा, तलवार." अन् मोनाली म्हणते, "जखमा बऱ्या करायला मी हीलर बसले ना, तुम्हाला मलम कशाला पाहिजे?"

घरात एकच फोन होता म्हणून आपण दोघांत मिळून एकच गडी काढला होता. चांगला दाढी-मिशांचा तलवारबाज, अन् नाव पप्पूराणी! टीम अजून हसते. दुपारी मी खेळायचे, संध्याकाळी तू ग्राउंडवरून पळून आला की तू. सगळे पॉइंट तू तलवारीत घालायचास. मी एकदा चोरून बारा पॉइंट औषधात टाकले तर तीन दिवस बोलला न्हाईस. "अर्धी तलवार अन् अर्धा मलम घेऊन कुठं मार खायला जाती?" म्हणालास. अण्णांचंच बोलणं तुझ्या तोंडात आल्तं. तुझं आयटीआयचं वायरमनचं एक वर्ष झालं होतं, हातही चांगला बसला होता, तरी अण्णा म्हणाले, एकच धर, सैन्याची भरती धर. मंग चार वर्षं तू नुसता पळालास, तवा यंदा भरती झालास.

बरं. आता ऐक. पप्पूराणीचे औषधाचे पॉइंट बारा होते ना? आज एकतीस आहेत. वरच्या एकोणीसातला एकही मी टाकलेला न्हाई.

भाऊबीजेला मला पहिल्यांदा दिसलं. तुला ट्रेनिंगमधून सुट्टी न्हाई, सेंटरमधे फोन जमा असतो, फक्त रविवारी तासभर मिळतो, हे तूच सांगितलेलं. म्हणून मी संध्याकाळी चंद्रालाच ओवाळणार होते. दुपारी करमेना, गेम उघडला, तर पप्पूराणी मी ठेवला तिथं न्हाईच! टीम सोडून लांब, काळ्या खिंडीत एकटाच उभा. शेवटचं खेळणं त्याच दिवशी एक वाजून चाळीस मिनिटांनी. मला वाटलं कुणीतरी आपला पासवर्ड चोरला. मी काय केलं, त्याची तलवार काढून थैलीत ठेवली अन् गेम बंद केला. दुसऱ्या दिवशी बघते तर तलवार परत हातात. तीही डाव्या हातात. त्यासाठी सेटिंगमधे जाऊन हात बदलावा लागतो. एवढी उठाठेव जगात एकच डावखुरा करतो, अन् तो माझा भाऊ आहे.

मी रोज बघत राह्यले. सोमवारी दुपारी दोन, बुधवारी साडेअकरा, शुक्रवारी परत दोन. ज्या वेळेला तू परेडवर पाहिजेस त्या वेळेला तू गेम खेळून राह्यलास. मंग तू आहेस कुठं?

मागच्या आठवड्यात राधेश्यामकाका घरी आले. अण्णांनी त्यांची जीप सांगून ठेवली आहे ना, या शनिवारी तुझ्या शपथेच्या परेडला यायला. काका म्हणाले गाडीचं काम निघालं, शनिवारी जमणार न्हाई. गाडी तर दारात धडधाकट उभी! मी त्यांना पाणी द्यायला बाहेर गेले अन् हळूच म्हणाले, "काका, पप्पूभैया बरा आहे ना?" त्यांनी तांब्या तसाच खाली ठेवला. म्हणाले, "तुला कुणी सांगितलं? मी तर न्हाई सांगितलं बाप्पा." मंग सगळं बाहेर आलं. ऑगस्टमधे तुझ्या नडगीच्या हाडाला तडा गेला, सेंटरवाल्यांनी मेडिकलमधे काढून दिलं, अन् तवापासून तू शहागडला हायवेवर टायरच्या दुकानात कामाला आहेस. मागच्या खोलीत राहतोस. जीपच्या फेरीत काकांनी तुला तिथं बघितलं, तर त्यांना आईची शपथ घातलीस.

शहागड! अरे पाऊण तासाचा रस्ता! मी इथं चंद्राला ओवाळलं अन् तू पाऊण तासावर ट्रकचं चाक खोलत बसलास. माझं असं डोकं फिरलं, वाटलं तसंच जीपमधे बसावं अन् सगळ्या ट्रकवाल्यांसमोर तुझ्या दोन कानाखाली द्याव्या. दर रविवारी फोनवर काय ऐटीत सांगायचास, आज फायरिंग झाली, आज दहा किलोमीटर पळालो. मोडक्या पायानं! लाज कशी वाटली न्हाई रे तुला?

राग दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी ते एकतीस पॉइंट परत बघितले अन् मला कापसात बसून रडू आलं. टीममधे नुसती तलवार चालते, कारण मागं मोनाली असते, जखम झाली की ती बघते. एकट्यानं खिंडीत गेलं की तलवारवाला तिसऱ्या घावाला मरतो. त्याला स्वतःची जखम स्वतःच भरावी लागते, लढता लढता. तू मलमाला हसणारा माणूस. अन् आता एकेक पॉइंट औषधात टाकून राह्यलास, म्हणजे तुझ्याजवळ तिथं कुणीच न्हाई. भैया, दोन विद्या येणं बिलकुल वाईट न्हाई, मी तर पहिल्यापासून तेच म्हणत होते. पण तू हौसेनं न्हाई शिकलास ना.

आता शनिवारचं काय करायचं? नऊ माणसं निघालीत. अण्णांनी नवा पांढरा सदरा शिवला. आईनं सेंटरच्या साहेबांना द्यायला लाडू करायचे काढले. रामप्रसादकाका जालन्याहून येणार. न्हाव्यापासून बाजारातल्या आडत्यापर्यंत अण्णांनी सांगायचं एकाला सोडलं न्हाई. राधेश्यामकाका जमत न्हाई म्हणाले तर अण्णा दुसरी गाडी बघून राह्यले. ही माणसं तिथं गेटवर जाऊन तुझं नाव विचारतील, अन् शिपाई सांगेल की हा तर ऑगस्टातच गेला. अण्णांचं काय होईल त्या जागेवर, तू विचार केलास का? त्याआधी तू ये अन् तुझ्या तोंडानं सांग. मी शेजारी उभी राहीन. घरी मी कुणाला काही सांगितलेलं न्हाई, शपथ.

गुरुवार, सकाळ

भैया, पत्र मंगळवारीच पाठवायचं होतं. काकांची फेरी चुकली, अन् बरंच झालं म्हण का वाईट झालं म्हण.

वर लिहिलेली शपथ आता खोटी झाली. मी काल अण्णांना सांगून टाकलं.

त्यांनी मला बोलावलं अन् म्हणाले, गेटवर द्यायला सगळ्यांची नावं अन् आधारचे नंबर एका कागदावर लिही, तुझं अक्षर चांगलं आहे. स्वतः समोर बसले नवा सदरा घालून, बटणं लावून बघत होते. मी पहिलं नाव अण्णांचंच लिहिलं, मच्छिंद्र, अन् पुढं हातच चालेना. ते म्हणाले, "काय झालं गं राणी, बापाचं आडनाव इसरलीस का?" अन् हसले. त्या हसण्यानंच माझं सगळं बाहेर पडलं. गेम, डावा हात, शहागड, पाय, सगळं. आई चुलीपाशी होती, तिनंही ऐकलं.

मला वाटलं ते ओरडतील. मार खायची तयारी ठेवली होती मी. त्यांनी सदरा काढला, घडी घातली, अन् कितीतरी वेळ ती घडीच हातानं दाबत बसले. मंग म्हणाले, "आयटीआय मीच सोडायला लावलं." परत म्हणाले, "गावभर सांगून बसलो मी. म्हणून पोरगं घरी आलं न्हाई, व्हय?" आई म्हणाली, "आता उठा, त्याला घेऊन या."

गेमचं राहिलंच. पप्पूराणीचं काय करायचं ते तुझं तू ठरव. एक धर, दोन धर, तो आता पूर्ण तुझा. मी काल माझी वेगळी काढली, पहिल्या लेव्हलची. सगळे पॉइंट औषधात, तलवार हातात धरताच येत न्हाई तिला. काल दोन मिनिटांत कोल्ह्यानं मारली. एकटीनं ती एक दिवस टिकणार न्हाई, हे मला माहीत आहे, अन् तरी मी तीच धरली.

हे पत्र राधेश्यामकाका तुझ्या हातात देतील. ते एकटे आलेले न्हाईत. रस्त्याच्या पलीकडं जीप उभी आहे, त्यात अण्णा बसलेत. तुझं वाचून होईपर्यंत खाली उतरायचं न्हाई असं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं आहे. त्यांना काय बोलावं ते सुचून न्हाई राह्यलं, तू पण काही बोलू नकोस.

वाचून झालं असंल तर मान वर कर. तू वर बघितलंस की ते उतरतील.

तुझी बहीण,
राणी