चौथ्या पानावरची दुरुस्ती

दि. २१ ऑगस्ट

चि. ठकीस,

दादाचे अनेक आशीर्वाद. माझी प्रकृती ठीक आहे. गुडघा चढावर कुरकुरतो, सपाटीवर गप्प बसतो. तुझी खुशाली कळवावी, असे यापुढे लिहायची रीत आहे. ती मागण्याचा अधिकार मला उरला आहे की नाही, याची मात्र खात्री नाही.

तुझ्या पत्रातील हकिकतीत चुका आहेत. त्या दुरुस्त केल्याशिवाय मला पुढे लिहिता येणार नाही. उभा जन्म छापखान्यात इतरांची मुद्रिते तपासण्यात गेला. ही खोड आता माझ्याबरोबरच जाईल.

तू लिहितेस की, दोन वर्षांचा अबोला मोडावा म्हणून मार्चमध्ये तू आपण होऊन आलीस, मी तुला फाटकाशी पाहिले आणि तोंड फिरवून निघून गेलो. हे फाटकाशी घडले नाही. गल्लीच्या तोंडाशी जे इस्त्रीचे दुकान आहे, त्याच्यासमोर घडले. तू निळी शाल पांघरली होतीस. मी तोंड फिरवले नाही. तुला वळसा घालून गेलो. तोंड फिरवणे आणि वळसा घालणे यांत फरक आहे आणि तो किती मोठा आहे, हे पुढे येईलच.

इस्त्रीवाल्याने मला दुसऱ्या दिवशी हटकले. म्हणाला, "काका, ताई उभ्या होत्या की समोर. तुम्ही तर असे गेलात, जशी ओळखच नाही." मी त्याला म्हणालो, "असू दे. आमच्या घरातलं आहे." एवढ्याने त्याची खात्री पटली, आणि त्याच्याकडे कपडे टाकणाऱ्या साऱ्या गल्लीचीही.

दुसरी गोष्ट बापूची. तू त्याला चोर ठरवले आहेस. घर विकले तरी मागच्या दोन खोल्या तुझ्या-माझ्या हयातीपर्यंत आपल्याकडे राहतील, हे कलम विक्रीच्या पहिल्या मसुद्यात होते. ते बापूने गुपचूप गाळले आणि कागद माझ्यापुढे सरकवला, असे तुझे म्हणणे. आपल्या दोघांचा धाकटा भाऊ आहे, फरशीच्या दुकानात बसून त्याची जीभ दगडासारखी झाली आहे, हे सगळे मान्य. परंतु गुपचूप हा शब्द चुकीचा आहे. घेणाऱ्याला मागे माणसे राहिलेली नको होती, म्हणून कलम गळाले. बापूला ते माझ्या तोंडावर सांगण्याचा धीर झाला नाही, एवढाच त्याचा गुन्हा. वकिलाच्या कचेरीत त्याने सगळ्यांसमक्ष कागद माझ्या हाती दिला आणि म्हणाला, "दादा, चौथं पान नीट बघ. मग काय बोलायचं ते बोल."

याहून स्पष्ट माणसाने काय सांगावे? ज्याला लहानपणी मी शुद्धलेखनापायी रडवले, त्याला पक्के ठाऊक होते की दादाच्या हातून स्वल्पविरामसुद्धा सुटत नाही. दादा वाचील, भडकेल, कागद टेबलावर आपटील, आणि मग जे व्हायचे ते होईल, असा त्याचा हिशेब होता.

मी चष्मा पुसला. सावकाश पाने उलटली. ओळींवरून बोट फिरवले. चौथ्या पानावर अधिक वेळ थांबलो, कारण तेथे थांबायला सांगितले होते. मग म्हणालो, "खालून तिसरी ओळ. क्रियापद कर्त्याशी जुळत नाही. तेवढं सुधारा." वकिलांनी पान जवळ ओढले, क्षणभर पाहिले आणि म्हणाले, "खरंच की. नजरचुकीनं राहिलं, सर." मी सही केली.

खाली जिन्यात बापूने माझा हात घट्ट धरला. "मला वाटलं होतं, तू कागद फाडशील," तो म्हणाला. "सगळं वाचलंस आणि नुसतं व्याकरण काढलंस." त्याला हुंदका आवरेना. तो कशासाठी रडतो आहे, हे मला कळत नव्हते. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मी जाणूनबुजून, एक शब्द न बोलता, त्याने जमवलेला व्यवहार मोडू नये म्हणून, त्याच्यासाठी घर सोडले अशी त्याची समजूत झाली; ती आजही आहे. त्या ओळीत चूक नव्हती, हेही त्यानेच पुढे हसत हसत सांगितले. वकिलांनी माझा मान राखला होता, असे तो म्हणाला. दादा म्हातारा झाला, एवढाच अर्थ त्याने त्यातून काढला.

येथवर लिहून मी उठलो होतो. चहा केला. तो कपात न पडता ओट्यावर पडला, म्हणून पुन्हा केला.

ठकी, मला वाचता येत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी ते समजावून सांगितले आहे. नजरेच्या कडा शाबूत आहेत, मधला भाग गेला आहे, आणि गेलेला परत येणार नाही. मी रस्त्याने चालतो, त्यामुळे कोणाला काही कळत नाही. परंतु ज्या शब्दाकडे पाहावे, नेमका तोच नाहीसा होतो. शेजारचे दोन अंधूक उरतात. माणसांचेही तसेच. कान दिसतो, खांदा दिसतो, चेहऱ्याच्या जागी धुरकट पुसलेले काहीतरी. त्या दिवशी दुकानासमोर मला एक निळा पट्टा दिसला. इस्त्रीवाल्याने चादर वाळत घातली आहे, असे वाटले. ओली असेल, अंगाला लागेल, म्हणून मी वळसा घातला. तू हाक मारली असतीस, तर. पण तूही आपल्याच घराण्यातली. हाक त्याने मारावी म्हणून उभी राहिलीस.

कचेरीत मी "वाचून दाखवा" एवढे दोन शब्द बोलायला हवे होते. ते ओठांपर्यंत आले होते. मला कोणी वाचून दाखवायचे, हे मला सोसले नाही. ज्या माणसाने लेखकांना, संपादकांना, एकदा तर स्वतःच्या मालकाला चारचौघांत चूक दाखवली, त्याने कारकुनासमोर मान खाली घालून ऐकत बसायचे. त्यापेक्षा नसलेली चूक काढणे मला सोपे गेले.

आणि तुझ्या पत्राचेही तेच झाले. पाकीट हातात घेतले, जाडी पाहिली, अक्षर तुझे आहे हे कडेच्या नजरेने ओळखले. एवढे जाड म्हणजे शिव्याच असणार, असे मनाशी म्हणून फळीवर ठेवून दिले. कोणाकडून वाचून घ्यायचे? शेजारणीकडून? बापूकडून? तीन दिवसांपूर्वी पोस्टमन तुझे कार्ड घेऊन आला. उघडे कार्ड वाचल्याशिवाय त्याच्याने देववत नाही, हे तुला ठाऊक आहे. दारातूनच म्हणाला, "काका, ताई लिहितात, तुझे उत्तर मिळाले, मी वृद्धांच्या संस्थेत खाट घेतली, घर ३१ला खुशाल दे." मी विचारात पडलो. मी तर कसलेच उत्तर दिले नव्हते.

तेव्हा फळीवरचे पाकीट घेऊन औषधांच्या दुकानात गेलो. औषधवाल्याला माझ्या डोळ्यांचे थेंब ठाऊक आहेत, त्यामुळे तेथे लपवण्यासारखे फारसे उरले नव्हते. त्याने गिऱ्हाईक आटोपले आणि वाचायला घेतले. पहिल्या पानावरच अडखळला. "काका, पुढचं जरा कडक आहे. वाचू?" मी म्हणालो, "वाचा. मऊ असतं तर मी म्हटलं असतं, हिचं नव्हेच." तो तुझे टोमणे खालच्या आवाजात आणि बाकीचे मोठ्याने वाचत गेला. शेवटच्या पानावर त्याचा आवाज आपोआप खाली आला, आणि तेथे टोमणा एकही नव्हता.

तू लिहिले होतेस: "तुला ते कलम खरंच नको असेल, तर गप्प राहा. हवं असेल, तर वकिलांना एक ओळ लिही. घेणारे १४ तारखेपर्यंत थांबायला तयार आहेत, मी त्यांच्या हातापाया पडून आले आहे. तू गप्प राहिलास, तर मी समजेन की मला घरात येऊ द्यायचं नाही म्हणूनच तू सही केलीस."

औषधवाल्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले असावे. मग थेंबांची बाटली पुडीत बांधून देत बसला, मी ती मागितली नव्हती तरी.

मी काल वकिलांना फोन केला. व्यवहार नोंदला गेला आहे. तुझ्या संस्थेतही विचारले. खाट सोडलीस, तर पुन्हा मिळायला वर्षे जातील, आणि सोडून तू येणार कोठे? म्हणून हे पत्र कोणत्याही उपायासाठी लिहिलेले नाही. उपाय नाही. फोनवर मी निम्म्यात थांबलो असतो, म्हणून लिहितो. पुठ्ठ्याला आडवी खाच कापली आहे, तिच्यातून ओळ सरळ राहते असे वाटते.

बापूने त्याच्या घरी तिसऱ्या मजल्यावरची खोली माझ्यासाठी रिकामी केली आहे. खोली हवेशीर आहे, असे सगळे म्हणतात. या घरात मला डोळ्यांची गरज पडत नव्हती. मागचे दार कोठे अडते, न्हाणीघराची पायरी कोठे खचली आहे, अंधारात मधल्या खोलीत आईचे कपाट कोठे कोपराला लागते, हे सगळे हातापायांना पाठ आहे. तेथे पाण्याच्या पेल्यासाठीसुद्धा कोणाचे तरी नाव घ्यावे लागेल. मागच्या खोलीत तू असतीस, तर तुला हाक मारायला मला लाज वाटली नसती. हे मी मार्चमध्ये सांगायला हवे होते. मार्चमध्ये मला ते कबूल नव्हते.

बापूला यातले काही कळवू नकोस. आपल्या दादाने आपल्यासाठी घर सोडले, यावर तो माणूस हल्ली थोडा सरळ चालतो. त्याला खरे सांगून घर परत येणार नाही. त्याची झोप तेवढी जाईल. तुला मात्र सांगितले पाहिजे होते. मी तुला दाराबाहेर ठेवले, असे मनात धरून तू त्या खाटेवर पडून राहावेस, हे मला सहन होणार नाही. विश्वास ठेवणे न ठेवणे तुझ्याकडे. पुरावा म्हणून डॉक्टरांचा कागद आहे, पण तू इतकी वर्षे परिचारिका होतीस. माझ्या समोर बसून क्षणभर माझ्याकडे पाहिलेस, तर कागद लागणार नाही.

तुझ्या पत्रात आणि कार्डात तारखा चुकल्या आहेत. मागाहून कोणी चुकीच्या सांगू नयेत, म्हणून दुरुस्त करून ठेवतो.

४ मार्च नव्हे, ९ मार्च: तू आलीस. मी तुला पाहिले नाही.

जून अखेर नव्हे, २२ जून: सही. वाचलेली नाही.

१ ऑगस्ट ही तू पत्र लिहिल्याची तारीख आहे, मला मिळाल्याची नव्हे. ते ६ ऑगस्टला मिळाले.

१४ ऑगस्ट: माझे उत्तर म्हणून तू हा दिवस धरला आहेस. त्या दिवशी तुझे पाकीट फळीवर होते, न फोडलेले.

१८ ऑगस्ट: तुझे पत्र मी ऐकले. माझे उत्तर होते, ये.

३१ ऑगस्ट: घराचा ताबा द्यायचा. ही एकच तारीख तू बरोबर लिहिली आहेस.

तुझा,
दादा