मायचा राहिलेला रोवणा

माय,

चष्म्यावर चष्मा बसत नाही, हा माणसावरचा केवढा अन्याय आहे, आणि त्याची दाद मागायला या देशात एक साधी खिडकी नाही. साकोलीच्या कॉलेजात माझा चष्मा काढून डोळ्यांवर रोबोट चालवायचा डबड्यासारखा मोठा गॉगल बांधला, तेव्हापासून नाक सुजलंय. शेजारच्या काकूला मात्र तो पहिल्या झटक्यात बसला.

तू गेलीस त्या साली काकूनं तुझ्या बांधीतल्या चिखलात दिवसभर वाकून धानाची रोपं लावली, रोवणा केला होता. बदल्यात एक दिवस तू तिच्याकडे जाणार होतीस, आणि त्याआधीच गेलीस. काकूनं कधी विषय काढला नाही. मीही नाही, कारण रोवण्याच्या दिवसाची फेड बाईच्याच हातानं व्हायची. गड्यानं चिखल करावा, रोपांच्या पेंढ्या फेकाव्या, ओळीत वाकू नये. आणि आपल्या घरात तुझ्यानंतर बाई नाही.

यंदा बाया मिळेनात. काकूचे रोवायचे पऱ्हे वाफ्यातच पिवळे पडत चालले. ते गेले तर तिचं वर्ष गेलं, आणि तुझा दिवस माझ्याच डोक्यावर. कॉलेजवाल्यांना त्यांचा रोवणा करणारा रोबोट तपासायला बांधी हवीच होती, मी काकूची दाखवली. रोबोट तिच्या चिखलात, आम्ही कॉलेजच्या खोलीत. गॉगल चढवला की फरशीवर तीच बांधी पसरते, दोघांना एकच दिसते. रोबोटचा एक हात काकूकडे, एक माझ्याकडे. आपले हात गॉगलात नुसते राखाडी दिसतात. बांगड्या नाहीत, केस नाहीत. काकूनं दाराशी चप्पल काढली, लुगडं खोचलं, आणि रोवत रोवत रीतीप्रमाणे मागे सरकत गेली ती थेट चहाच्या टेबलावर.

"बांधीत टेबल कोनं ठेवला?"

मी संधी साधली. "काकू, यात हात गड्याचा का बाईचा, समजत नाही. मायचा दिवस यातच धरून घे."

ती थांबली. "तुयी माय वाकून रोवे. तू तं उभा राहून रोवून राहिला." ती स्वतः गॉगलसकट वाकलेलीच होती.

बांधी झाली. कोपरा तेवढा राहिला, तिथं रोबोटला वळता येईना. दुसऱ्या सकाळी काकू दोन म्हाताऱ्या घेऊन तिथं उतरली. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.

"काहून गा," एक म्हातारी म्हणाली, "पेपरात लिवून पोट नाही भरत का?"

 काकू डावीकडे सरकली. ओळीत एका माणसाची जागा झाली. मी वाकलो. काकूनं तो दिवस धरला का, हे मी विचारलं नाही. पेपरातल्या माझ्या सदरात रोबोटची थट्टा छापून आली, यातलं काही नाही. हे पत्र कुठं पाठवायचं नाही म्हणून सांगतो: सडकेनं एसटी गेली की कोणी ओळखू नये म्हणून मी आणखी खाली वाकत होतो. ओळ मात्र पुरी केली.