हातांबद्दल एक ओळ

बाई, माझं ते पहिलं परीक्षण वाचून तुम्ही मला नवापूरला बोलावून घेतलं होतंत, तो दिवस आज सकाळपासून डोक्यात आहे. शाळेत लिहायला तुम्हीच शिकवलंत, मी मुंबईच्या पेपरात नाटकांवर लिहायला लागलो, आणि तुमच्या कळसूत्री बाहुल्यांच्या खेळाबद्दल काय लिहिलं? ‘बाहुल्या जणू जिवंत झाल्या. बच्चेकंपनी खूश!’ वर प्रकाशयोजनेचं कौतुक. प्रकाश कसला, तारापूरच्या कॉलनीतल्या हॉलच्या दोन ट्यूबलाइट!

तुम्ही स्वयंपाकघरात बोंबील तळताय. मी पाटावर ऐटीत बसलोय, शाबासकीची वाट बघत. तुम्ही हात धुता, खुंटीवरची कोळीण बाहुली उतरवता आणि तिच्या दोऱ्यांची लाकडी पट्टी माझ्या हातात देता. “धर. हात खाली नाय आनायचा.” बोंबलांचा दुसरा घाणा निघेपर्यंत माझा खांदा भरून आला आणि कोळीण लटलटायला लागली. “आता सांग, जित्ती कोन हाय, ती का तिला नाचवनारी मी?” तुम्ही विचारलंत. “नाटकवाल्यांचा आवाज, चाल, सगलं लिवता तुमी पेपरवाले. आमच्या हातांची एक ओळ पन नाय?” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग सगळ्यात मोठा बोंबील तुम्ही माझ्याच ताटात वाढलात. राग धरून ठेवणं तुम्हाला कधी जमलंच नाही.

तुमच्यामागे खेळ तुमची शिष्या चालवते. गेल्या रविवारी पालघरला तिचा प्रयोग होता. संपादक म्हणाले, मुलांच्या पानावर चार ओळी टाका. मी हुज्जत घातली आणि नाटकांच्या पानावर जागा मिळवली. मुद्दाम कडेची खुर्ची धरली, जिथून पडद्यामागचे हात दिसतात. तिची करंगळी एकटीच एक दोरी सांभाळते. बाहुलीची मान वळवण्याआधी ती स्वतः श्वास घेते. हे सगळं मी लिहिलं, बाई, आणि ते आज छापून आलं.

सकाळीच तिचा फोन. “दादा, पयल्यांदा कुनीतरी आमचे हात बगितले!” पोरगी हसत होती की रडत होती, कळेना. मग म्हणाली, “शेवटी माझी दोरी अडकली हुती, ती पन दिसली का तुमाला?”

“दिसली की,” मी म्हणालो.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून सांगतो. मला काही दिसलं नाही. अर्ध्या खेळात तिच्या बाहुल्यांतल्या म्हाताऱ्याने रिकाम्या समुद्राकडे नुसती मान वळवली, आणि तिथून पुढे हात बघायचे मी साफ विसरलो.