नन्सच्या बॉयलरवर क्लेमेंटची शिट्टी

कोल रिज, पेनसिल्व्हेनिया
ऑक्टोबर १९५४

आदरणीय ताई,

तुझा गुडघा आणि भावजींचा स्वभाव, दोन्ही सुधारले असतील अशी आशा करते. (गुडघ्याची जास्त.)

क्लेमेंट कसा आहे, असं तू विचारलंस. तुला ठाऊक आहे, वाफेच्या इंजिनावर प्रत्येक ड्रायव्हरची शिट्टीची दोरी ओढायची तऱ्हा वेगळी. वळणावर क्लेमेंटची शिट्टी दोनदा लांब वाजायची आणि शेवटी थकलेल्या पाद्र्यासारखा सुस्कारा टाकायची. तो ऐकून मी बटाटे शिजत ठेवायचे. तो दारात यायला आणि ते शिजायला गाठ पडे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी हयात घालवली, पण इतका भरवशाचा निरोप कधी जोडला नाही. (आपल्या नवऱ्याची शिट्टी न ओळखणाऱ्या बाईचं लग्न नीट लागलंय, असं आमच्या गल्लीत कुणी मानत नाही.)

मग डिझेल इंजिन आलं. काजळी उडत नाही, वाळत घातलेल्या चादरी पांढऱ्या राहतात, याबद्दल मी त्याचे आभारच मानते. पण भोंगा सगळ्यांचा एकच, सर्दी झालेल्या गाईसारखा. क्लेमेंटने आठवडाभर ते चालवलं, "याला माणूस कशाला, कोंबडी बसवा," म्हणाला आणि निवृत्त झाला. तेव्हापासून तो व्हरांड्यातल्या खुर्चीत. ताट वाढलं की, "ठेव, नंतर." ते नंतर कधी यायचंच नाही. डॉक्टर म्हणाले, काळजी नको. (फी घेताना यांची भूक बरी शाबूत असते.) त्याच्या पट्ट्याला मी दुसऱ्यांदा जादा भोक पाडलं, तेव्हा मात्र घाबरले.

त्याचं इंजिन भंगारात निघालं होतं. मी केक घेऊन शेडमध्ये गेले. फोरमन काझिमिर म्हणाला, "बाई, शिट्टी शोभेला ठेवणार?" म्हटलं, "शोभेला नवरा ठेवलाय." हसत हसत त्याने ती काढून दिली. केकही अर्धाच घेतला. इंजिनात कोळसा टाकायला त्याला क्लेमेंटनेच शिकवलं होतं. देव त्याचं भलं करो.

आता वाफ कुठून आणायची? शाळेत असताना ज्या कॉन्व्हेंटात शीळ घातली म्हणून मला गुडघ्यांवर बसवलं होतं, तिथल्याच धुलाईघराच्या बॉयलरवर काझिमिरने शिट्टी बसवली आणि मदर युलालियाने स्वतः दोरी ओढली. डुक्कर कापल्यासारखा आवाज निघाला. समोरच्या मिसेस क्रेमरचा नवराही ड्रायव्हरच होता; तो शेजारी बसलेला असताना तिने सवयीने बटाटे चढवले.

क्लेमेंट ताडकन उठला. "कोण गाढव ओढतंय?"

"मदर असतील."

"मग मदर गाढव आहे," म्हणत त्याने टोपी चढवली आणि कॉन्व्हेंटची टेकडी चढून गेला. थोड्या वेळाने दोन लांब हाका आल्या आणि मग तो सुस्कारा. मी बटाटे ठेवले. तो आला आणि दोनदा मागून जेवला. आता रोज संध्याकाळी जातो. काझिमिरची, मदरची, अगदी त्या डिझेलचीसुद्धा (चादरींपुरती) मी ऋणी आहे.

तुझी,
लोरेटा

ता. क. शिट्टी मी आणली, हे उत्तरात लिहू नकोस. तुझी पत्रं आधी तोच फोडतो. नन्सचं आपल्यावाचून अडतंय, असं त्याला वाटतंय. वाटू दे.

ता. क. मदरने वाफ फुकट दिलेली नाही. आईची ती लेसची चादर तू चर्चच्या वेदीसाठी देणार आहेस. तू आनंदाने हो म्हणालीस, असं मी सांगून बसलेय. इस्त्री करून पाठव.

ता. क. टेकडीवरून शिट्टी झाली. बटाटे ठेवते.