अंगरखारक्षकाचा जबाब

ता. ३

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

मी धड आहे, अंगावर ओरखडाही नाही, तेव्हा रडणं थांबव. आणि मी गोळीपुढे छाती काढून उभा राहिलो असं भाऊजी सलूनमध्ये सांगत फिरतायत, ते बंद करा म्हणावं. माझी छाती त्या वेळी दुसऱ्याच्या जाकिटामागे होती.

खरं झालं ते ऐक. गोळी अडवणारं जाकीट सकाळपासून बडे साहेबांच्या अंगात होतं. अख्ख्या देशाचे साहेब, पण गाडीतून उतरताना काचेत स्वतःचं पोट बघितलं आणि म्हणाले की यात मी पाण्याची टाकी दिसतो. समोर फोटोवाले उभे. झालं! जाकीट काढलं आणि खुंटीवर टाकावं तसं माझ्या हातावर टाकलं. दोन वर्षं हेच चाललंय. छत्री धर, कंगवा धर, चष्मा धर. ट्रेनिंगच्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की नाक खाजलं तर खाजू दे, हात रिकामे हवेत. अंगरक्षक कसले, आम्ही अंगरखारक्षक!

व्यासपीठ चाळीस पावलांवर. निम्म्या वाटेत एक माणूस अर्ज घेऊन पुढे आला, अर्जाखाली पिस्तूल. माझ्या जोडीदाराचे हात रिकामे होते, तो झेपावला. तोच आमचा रेडिओ, अखंड बडबडतो म्हणून ते नाव. पहिली गोळी त्याच्या गळ्यात गेली, तरी गड्याने त्या माणसाची कॉलर सोडली नाही. पुढच्या दोन साहेबांच्या छातीत. आणि मी? जाकिटाचा पट्टा मनगटात अडकला होता, तो सोडवत बसलो होतो.

आता चौकशीचे साहेब म्हणतात, असं लिहून दे की जाकीट गाडीतच राहिलं, ते साहेबांना घालणं रेडिओचं काम होतं आणि तो विसरला. सही केलीस तर पदक. देशाचा नेता पोट दिसू नये म्हणून मेला, असं कुठे छापता येतं का! जाकीट माझ्या हातावर होतं म्हटलं, तर हसून म्हणाले की कोणी पाहिलं? रेडिओ वाचलाय, पण आवाज गेला. पाटीवर लिहितो. त्यावर यांनी आधीच कागद करून ठेवलाय की त्याचं डोकं ठिकाणावर नाही. बोलता येत नाही त्याच्यावर ढकलायचं, एवढीच यांची अक्कल. पंधरा तारखेला जबाब आहे. काय करू?

भाच्यांना पापा. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
चुळबुळ्या

ता. ९

चि. चुळबुळ्यास, अ. उ. आ.

तुझं पत्र वाचल्यापासून तुझ्या भाऊजींनी सलूनचा रस्ताच बदललाय. त्यांचं म्हणणं, सही कर आणि मोकळा हो. खरं सांगते, मलाही आधी तसंच वाटलं. एकुलता एक भाऊ आहेस.

पण एक तुला सांगायचं राहिलं होतं. त्या दिवशी आपल्या इथल्या संध्याकाळच्या पेपरात बडे साहेबांचा चालतानाचा फोटो आला होता, मागे तू. भाऊजींनी काच लावून भिंतीवर टांगला. रोज फडक्याने पुसताना मी हसायचे, की आमचा वाघ बघा, इस्त्रीवाल्यासारखा कपडे हातावर घेऊन उभा! काल स्टुलावर चढून नीट बघितलं. ते कपडे नाहीत रे. पट्टा लोंबतोय, बक्कल दिसतंय. आणि साहेब पुढे पोट आत ओढून हात हलवतायत.

भाऊजी म्हणाले की जाळून टाक, यात तुझाच भाऊ अडकतो. मी चुलीपर्यंत गेलेही. मग मनात आलं, त्या रेडिओच्या आईने भिंतीवर काय टांगायचं? फोटो सोबत पाठवते आहे. आता नुसता खिळा राहिलाय. तिथे लावायला दुसरा पाठव, रिकाम्या हातांचा.

जेवत जा. काही झालं तरी इथली तुझी जागा झाडून ठेवलेली आहे.

ताई

ता. १७

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

फोटो टेबलावर ठेवला. चौकशीच्या साहेबांनी भिंग मागवलं. आधी बडे साहेबांचं पोट बघितलं, मग माझा हात. म्हणाले की इथल्या सगळ्या पेपरांत हा फोटो तुझ्या खांद्यापाशी कापलाय, हा अख्खा कुठून आला? मी म्हटलं, आमच्याकडच्या पेपरवाल्याला कात्री परवडत नसेल. मग गोडीत आले, की यात तूच बुडशील, पदक जाईल, नोकरीही जाईल. मी म्हटलं की नोकरी एखाद्या खुंटीला द्या, माझ्यापेक्षा बरी करेल.

त्यांचा टाइप केलेला कागद परत सरकवला आणि कोरा मागून घेतला. सातवीवाल्याला दीड तास लागला. पट्टा मनगटात अडकला तेही लिहिलं, काही झाकलं नाही. फोटोवर नोंदीचा शिक्का बसला, आता रेडिओच्या माथी काही मारता येणार नाही. मला मात्र काढलंय. कारण वाच: कामावर असताना हातात वस्तू धरणे! दोन वर्षं छत्री धरली तेव्हा हे कलम झोपलं होतं.

जबाबाची नक्कल घेऊन हॉस्पिटलात गेलो आणि रेडिओला मोठ्याने वाचून दाखवली. त्याने कागद ओढून घेतला. मला वाटलं, रडतोय की काय. तर 'साहेबांनी जाकीट काडले' यावर बोट ठेवलं, पाटीवर भलामोठा 'ढ' काढला आणि खाली लिहिलं, 'हा राहिला, गधड्या.'

ताई, मास्तरांनी सात वर्षं मला ज्या अक्षराने हाक मारली, नेमकं तेच विसरलो. टाके दुखेपर्यंत हसला तो. आवाज काही आला नाही.

शनिवारी पोचतो. फोटो काढून घे, दोन्ही हात रिकामे आहेत.

तुझा,
ढ