बोटही न लावता

कळसाडी,
श्रावण वद्य, १९३७

प्रिय फत्तेसिंग,

तुझं पत्र मिळालं. अक्षर नेहमीसारखंच सुरेख. ते मीच गिरवून घेतलं होतं. आज त्याचा अभिमान वाटत नाही. इकडे पाऊस बरा आहे, कापूस गुडघ्याला लागला आहे. सूनबाई तापी खाते-पिते, तिच्या अंगात ताकद आली आहे. मुलगी तुझ्यासारखी दिसते, असं शेजारच्या रेवाबाई म्हणतात. तान्ह्या बाळाचा चेहरा रोज बदलतो, म्हणून मी अजून आशा सोडलेली नाही.

चैत्रातल्या त्या दुपारीबद्दल मी आजवर काही लिहिलं नाही. तापीला आई नाही, म्हणून बाळंतपण आपल्याकडे करायचं ठरलं आणि तिला न्यायला मी तोरणमाळच्या पायथ्याशी तुझ्या सरकारी बंगलीवर आलो. आल्या आल्या तू मला तुझी कुत्री दाखवलीस. जंगलखात्यात चिकटल्यापासून तू बायकोशी मराठीत बोलतोस आणि ज्युलीशी इंग्रजीत. ‘सिट’ म्हटलं की ती बसे, ‘स्टे’ म्हटलं की हलत नसे, आणि तू ‘गो’ म्हटल्याशिवाय पुढ्यातल्या भाकरीला तोंड लावत नसे. मला कौतुक वाटलं, खोटं कशाला सांगू? जनावराला वळण लावू नये असं म्हणणारा मी नव्हे. आपल्या गोऱ्ह्यांना वेसण मीच घालत आलो. चुलीपाशी घुसणाऱ्या कुत्र्यावर मीही काठी उगारली आहे. तो घुसायचा थांबला, मी काठी ठेवून दिली, आणि पुढे म्हातारा होऊन मरेपर्यंत तो माझ्याच बाजेखाली झोपला.

ज्युली नुकतीच व्यायली होती. पिल्लांचे डोळेही उघडले नव्हते. शहाद्याचे ते दोन लाकूडठेकेदार आले, चहा झाला, आणि तुला मिरवायला दुसरं काही उरलं नाही. तू ज्युलीला ओसरीच्या पायरीशी बसवलंस आणि पिल्लांची टोपली अंगणात, तिच्यासमोर उन्हात आणून ठेवायला लावलीस. पिल्लं कुंईकुंई करू लागली. ती उठली नाही. तिचं सगळं अंग थरथरत होतं, दूध फरशीवर ठिबकत होतं, आणि नजर तुझ्या तोंडावर होती. ठेकेदार म्हणाले, “वा, साहेब!” आणि तू साहेबासारखा हसलास. मग साग पाहायला म्हणून त्यांच्या मोटारीत बसलास. तापी मागून आली, “तिला उठवून तरी जा” म्हणाली. तू म्हणालास, “राहू दे. मी येईपर्यंत बसते की नाही बघू.”

तापीला चालताना दम लागत होता, तरी ती उन्हात गेली. “ऊठ वं माय, तुन्हा पिलं रडी ऱ्हायनात,” असं किती वेळा म्हणाली. मीही माझ्या मास्तरकीच्या इंग्रजीत ‘गो’ म्हणून पाहिलं. तिने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. आम्ही टोपली सावलीत आणली, पिल्लं तिच्या पोटाशी लावली. पण ती ताठ बसलेली. त्यांना आचळ सापडेना. तापीने तिला आडवं करायला मानेला धरलं, तर ती गुरगुरली आणि लगेच तापीचा हात चाटू लागली. तापीच्या डोळ्यांना तेव्हा धार लागली.

दिवस मावळताना तू परतलास. ज्युली त्याच पायरीशी होती. तुझा चेहरा असा फुलला, जणू तू शाळेत पहिला नंबर काढून आला होतास! “बघितलंत आप्पा? बोटसुद्धा लावलं नाही मी तिला!” दुसऱ्या दिवशी टोपलीत एक पिल्लू मेलेलं निघालं. तू म्हणालास, अशक्तच होतं ते.

आपल्या गावचा नथ्थू दारू प्याला की बैलाला फोडून काढतो. मी त्याला तोंडावर हलकट म्हणतो. पण तो शुद्धीवर आला की त्याच बैलाच्या पाठीला हळद-तेल चोळत बसतो, आणि तमाशा बघायला पाहुणे बोलावत नाही. तू शुद्धीवर होतास. इस्त्रीचा कोट घालून चहा पीत होतास. तिने कुणाला चावू नये, ती हरवू नये, म्हणून तो हुकूम नव्हता. दोन ठेकेदारांनी ‘वा’ म्हणावं, एवढ्यासाठी तो होता. आणि ज्या ठेकेदारांना जंगल विकत हवं असतं, ते फॉरेस्टरच्या खुर्चीलाही ‘वा’ म्हणतात, हे तुला अजून कळलेलं नाही. मुलगा क्रूर निघाल्याचं दुःख मी गिळलं असतं. क्रूर आणि वर इतका हलका, हे गिळत नाही.

आता तुझ्या पत्राबद्दल. सव्वा महिना झाला, गाडीवान दगाबरोबर बैलगाडी पाठवतो आहे, दोघींना पाठवा, असं तू लिहिलंस. पुढे लिहिलंस, मुलगी रडली की लगेच उचलत जाऊ नका, सवयी बिघडतात. पहिल्यापासून शिस्त हवी, तापीला नीट बजावून ठेवा. मी हे शब्दन् शब्द तापीला वाचून दाखवलं. ती मुलीला पाजत होती. ती रडली नाही, चिडली नाही. पोरीचं पिऊन होईपर्यंत थांबली आणि म्हणाली, “आप्पा, माले तठे जानं नही.” मी तिला समजावलं नाही आणि समजावणार नाही. हे घर तिचं आहे, असं मी आजच चार माणसांसमोर सांगितलं आहे. मुलीला पाहावंसं वाटलं तर ये, जेव, राहा. हुकूम मात्र इथे कुणाला सोडायचा नाही. दगाला जेवू घातलं आहे, बैलांना पाणी दाखवलं आहे, आणि गाडी रिकामी परत पाठवतो आहे. त्याच गाडीतून ज्युलीला माझ्याकडे पाठवून दे. तू पाठवणार नाहीस, हे मला माहीत आहे. तरी लिहितो.

नाइलाजाने का होईना, तुझाच,
आप्पा